पडद्याअलीकडची जागा

'वर्ग' हा शब्द आम्ही दोघे दिवसातून किमान वीस वेळा उच्चारतो. वर्गावर जायचे आहे, वर्ग सोडला, वर्गात आज सातच मुले होती, इत्यादी. पदव्युत्तर वर्गाला साहित्याचे समाजशास्त्र शिकवताना याच शब्दाचा दुसरा अर्थ फळ्यावर लिहितो आणि 'वर्गजाणीव', 'वर्गसंघर्ष' अशा संज्ञांची व्याख्या सांगतो. मुले ती उतरवून घेतात. पण या शब्दाचा तिसरा अर्थ असा काही समोर येईल आणि त्याचे उत्तर आम्हाला चोवीस तासांत द्यावे लागेल, याची कल्पना फेब्रुवारी २०२४ मधल्या त्या संध्याकाळपर्यंत आम्हाला नव्हती. चिंचवड स्टेशनजवळच्या एका लहानशा कार्यालयात तिकिटे काढून देणाऱ्या तरुणाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि अगदी सहज विचारले, "सर, मॅडम, आजींचा क्लास कोणता धरू?"

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात अभियंता होता. तिथून त्याची नेमणूक जपानमध्ये नागोयाला झाली. चाकणच्या पट्ट्यात ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ज्या गावाचे नाव आमच्या आधीच्या पिढीला कांद्याच्या बाजारामुळे आणि संग्रामदुर्गामुळे ठाऊक होते, तिथल्या औद्योगिक वसाहतीत जर्मन, जपानी, कोरियन नावांच्या पाट्या आहेत आणि तिथली मुले 'ऑनसाइट' हा शब्द घरातल्या शब्दासारखा वापरतात. भावाला दुसरे अपत्य झाले. आईला नातवाला पाहायचे होते. आईचे वय बाहत्तर. त्यांतली सव्वीस वर्षे पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात उभे राहण्यात गेलेली. त्यामुळे गुडघे कामातून गेलेले. तिला एकटीला पाठवण्याचे धैर्य आम्हाला नव्हते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत तिघांनी जायचे, आम्ही तीन आठवड्यांनी परतायचे आणि आईने व्हिसाची मुदत संपेपर्यंत राहायचे, असे ठरले.

आता एक कबुली. आम्ही दोघे मराठी प्रवासवर्णनांवर पोसलेली माणसे आहोत. अभ्यासक्रमात हा वाङ्मयप्रकार आम्ही वर्षानुवर्षे शिकवला आहे. पुलंचे 'पूर्वरंग' असो, प्रभाकर पाध्ये यांचे 'तोकोनोमा' असो, पूर्वेकडच्या देशांची आमची पहिली ओळख या पुस्तकांनी करून दिली. पण तिकिटाचा विचार करू लागलो तेव्हा जाणवले, की एकूण मराठी प्रवासवर्णनात सगळे काही आहे, तिकिटाची किंमत मात्र जवळपास नाही. लेखक विमानतळावर पोहोचलेलाच असतो. पैसे कुठून आले, ते जमवताना कोणाची कोणती इच्छा मागे ठेवली गेली, कोणत्या वर्गाचे तिकीट परवडले नाही, हे सांगणे बहुधा शिष्टाचाराला सोडून असावे. याला सर्वांत मोठा अपवाद आपल्या परंपरेच्या अगदी आरंभी उभा आहे आणि त्याचे आम्हाला आता विशेष कौतुक वाटते. वरसईचे विष्णुभट गोडसे घरातून निघाले ते पैशासाठीच. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी बातमी होती. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापून आले तेव्हापासून आपण ते सत्तावन्नच्या बंडाची हकीकत म्हणून वाचत आलो. पण काय मिळाले, काय लुटले गेले, हाती काय उरले, याचा त्या भटजींनी ठेवलेला हिशेब आज पुन्हा वाचला तर प्रवासाचे खरे अर्थशास्त्र तिथे सापडते.

असो. हिशेबाकडे वळू.

भारतातून नागोयाला थेट विमान नव्हते. मुंबईहून सिंगापूर, हाँगकाँग किंवा बँकॉक यांपैकी कुठेतरी उतरून दुसरे विमान धरायचे, हा सरळ मार्ग. पुण्याहून सिंगापूरला विस्तारा कंपनीचे विमान डिसेंबर २०२२ पासून जात होते (ती कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली). पण पुढच्या विमानासाठी आमच्या तारखांना अकरा तास बसावे लागत होते. तिसरा मार्ग आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने सुचवला: दोन स्वस्त कंपन्यांची दोन वेगवेगळी तिकिटे काढायची. आकडा पाहून क्षणभर मोह झाला. मग खाचाखोचा समजल्या. दोन तिकिटे वेगळी असली की सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत आपोआप जात नाही. मधल्या देशात ते उतरवून घ्यायचे, पुन्हा तपासणीला द्यायचे, त्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करायचा, म्हणजे तिथल्या प्रवेशाचे नियम पाहायचे. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते तिकीट बुडाले. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असतील तर पुढची सोय लावण्याची जबाबदारी कंपनीची. शिवाय स्वस्त कंपनीच्या भाड्यात बॅगेचे, जेवणाचे, जागा निवडण्याचे पैसे मिळवले की फरक बराच आटतो. चोवीस वर्षांचा मुलगा पाठीवर पिशवी टाकून असा प्रवास करील. बाहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन हा जुगार खेळता येत नाही.

भाड्याचे गणित मात्र मोठे मनोरंजक निघाले. एकाच विमानात, एकाच रांगेत शेजारी बसलेल्या तिघांनी तीन निरनिराळे दर मोजलेले असू शकतात. साध्या वर्गाच्या आतही अक्षरांनी ओळखले जाणारे अनेक उपवर्ग असतात. जागा तीच, खाणे तेच; फरक तारीख बदलण्याच्या मुभेचा, रद्द केल्यास किती परत मिळेल याचा आणि कंपनीने त्या दराने किती जागा विकायच्या ठरवल्या आहेत याचा. स्वस्त अक्षरातल्या जागा संपल्या की महाग अक्षर उघडते. हे आम्हाला अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनी समजावले, पण खरे कळले ते चाकणच्या बाजारात अडत पाहिलेल्या आईला. "कांद्यासारखंच की," ती म्हणाली, "आज नाही विकला तर उद्या सडणार." विमान एकदा उडाले की रिकामी खुर्ची सडलेल्या कांद्याइतकीच निरुपयोगी. एक फरक तिच्या लक्षात आणून द्यावा लागला: शेतकऱ्याला शेवटी भाव पाडावा लागतो, कंपनी मात्र शेवटच्या दिवसांत भाव चढवते, कारण आयत्या वेळी निघणारा माणूस बहुधा कामासाठी निघालेला असतो आणि त्याचे पैसे त्याचा कारखाना देतो.

जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग सुट्ट्या असतात, त्यांना 'गोल्डन वीक' म्हणतात. त्या काळात भाडी फार चढतात. आमची सुट्टी लागताच निघण्याचा बेत म्हणूनच रद्द केला आणि मेच्या मध्याची तारीख धरली. एवढ्या एका बदलाने जे वाचले, तेवढे आठवडाभर निरनिराळी संकेतस्थळे धुंडाळून वाचले नव्हते.

आता त्या तरुणाचा प्रश्न. साधा वर्ग साधारण अठ्ठावन्न हजार रुपये, जाऊन-येऊन. बिझनेस क्लास दोन लाखांच्या वर. त्याचा विचारच नको. आणि मध्ये एक 'प्रीमियम इकॉनॉमी' नावाचा वर्ग. नाव ऐकून आम्हाला विरोधाभास अलंकाराचे उदाहरण सापडल्याचा आनंद झाला. काटकसर आणि ऐश्वर्य एकाच पदात. हा मधला वर्ग तैवानच्या इव्हा एअरने १९९२ मध्ये आणला आणि पुढे अनेकांनी उचलला. एकूणच विमानातले वर्ग हे काही आकाशातून पडलेले नाहीत. १९५२ मध्ये अटलांटिकवर 'टूरिस्ट' वर्ग आला, १९५८ मध्ये 'इकॉनॉमी' आला, आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण भाडे भरूनही स्वस्तवाल्यांशेजारी बसावे लागते अशी तक्रार करणाऱ्या कामकरी साहेबांसाठी 'बिझनेस' वर्ग निर्माण झाला. मधल्या वर्गात पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर पाच-सहा इंच अधिक, खुर्ची थोडी रुंद, पाठ अधिक कलणारी, पायाला आधार. आईच्या गुडघ्यांना नेमके तेच हवे होते. फक्त जातानाचा प्रवास रात्रीचा असल्याने तेवढाच वरच्या वर्गाने केला आणि परतीचा साध्याने, तरी जास्तीचे सेहेचाळीस हजार.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही दोघे एकाच विषयाचे एम.ए.; सेट एकाच वर्षी उत्तीर्ण झालो. आमच्यापैकी एक अनुदानित पदावर कायम आहे, तिला सातव्या वेतन आयोगाचे वेतन मिळते. दुसरा सोळा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास, तेवढे मानधन, तेही सत्र उलटून गेल्यावर एकदम, आणि मे महिन्याच्या सुट्टीचे काहीच नाही. एकाच स्टाफरूममध्ये, एकाच लांब टेबलाभोवती कायम, विनाअनुदानित आणि तासिकावाले असे तीन वर्ग बसतात. चहा एकाच किटलीतून येतो. बाहेरच्याला काही दिसत नाही. पण कोणी आधी बोलायचे, कोणी परीक्षेचे गठ्ठे उचलायचे, वार्षिक छायाचित्रात कोणी खुर्चीवर बसायचे आणि कोणी मागे उभे राहायचे, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक असते. तिथे पडदा लावण्याची गरज पडत नाही एवढेच.

ते सेहेचाळीस हजार आणि नुकतेच हाती आलेले एका सत्राचे मानधन हे आकडे जवळजवळ जुळत होते. आमच्यापैकी दुसऱ्याने हट्ट धरला की आईच्या जागेचे जास्तीचे पैसे या मानधनातूनच जातील. पहिलीचे म्हणणे असे की घरातला पैसा एकच आहे, त्यात तुझा-माझा कसला. शिवाय या रकमेत धाकट्या मुलाची बारावीची शिकवणी होते. वाद त्या रात्री फार लांबला. शब्द जपून वापरण्याची सवय असलेल्या दोन माणसांचे भांडण अधिक जिव्हारी लागते, हा अनुभव वाचकांपैकी काहींना असेल. सोळा वर्षांत जे कधी बोललो नव्हतो ते विमानाच्या तिकिटामुळे बोललो. शेवटी आईच बाहेर आली. "मला एकटीला पुढं बसवू नका," ती म्हणाली, "मी काय परकी आहे?"

तरीही आम्ही तिला पुढेच बसवले. तिकीट त्या मानधनातून निघाले.

दरम्यानच्या काळात या विषयाचे जे वाचन घडले, त्यातून आमचाच भूगोल आमच्यासमोर नव्याने उलगडला. २००७ मध्ये जपानच्या 'ऑल निप्पॉन एअरवेज'ने टोकियोच्या नारिताहून मुंबईला विमान सुरू केले, तेव्हा त्या लहान बोइंगमध्ये सगळ्याच जागा बिझनेस क्लासच्या होत्या. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट उड्डाण सुरू केले. तेही संपूर्ण बिझनेस क्लास. कारण उघड आहे. त्याच सुमारास चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहत होता, मार्च २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी चाकणला आली. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि लांबीने जेमतेम अडीच किलोमीटर. मोठे विमान पूर्ण भारानिशी तिथून युरोपला उडणे कठीण. मग लहान विमानात थोडी आणि महाग माणसे न्यावीत, हे व्यापाराला धरूनच झाले. पुढे त्या विमानात साध्या वर्गाच्या जागाही आल्या, आणि नंतर ते उड्डाणच बंद झाले. पण काही काळ अशी स्थिती होती, की पुण्याहून युरोपला थेट जाणाऱ्या एकमेव विमानात आमच्यासारख्याला चढण्याची पायरीच नव्हती.

हे वाचून आम्हाला दख्खनची राणी आठवली. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आरंभी पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला लागला १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे पुण्या-मुंबईच्या सर्वांत लाडक्या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला प्रवेश नव्हता, आणि त्यांतली आठ वर्षे स्वातंत्र्यानंतरची होती. १९७४ मध्ये तर रेल्वेने 'तिसरा वर्ग' हे नावच काढून टाकले आणि त्याला दुसरा म्हटले. नाव बदलून लाज झाकण्याची ही युक्ती भाषेच्या शिक्षकाला ओळखीची आहे. 'प्रीमियम इकॉनॉमी' त्याच घराण्यातली. सप्टेंबर २००९ मध्ये शशी थरूर यांनी साध्या वर्गाला इंग्रजीत 'कॅटल क्लास' म्हटले तेव्हा केवढा गहजब झाला. वास्तविक तो शब्दप्रयोग त्यांचा नव्हता, इंग्रजीत आधीपासून रूढ होता. गहजब झाला तो बहुधा शब्द झाकलेला नव्हता म्हणून.

आणि विमानतळ? पुण्याचा नवा विमानतळ अनेक वर्षे चाकण-राजगुरुनगरच्या परिसरात होणार होता. खेड तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला. २०१६ मध्ये तो पुरंदरला हलवण्याचे ठरले, आणि तिथल्या गावांनीही विरोधच केला. ज्यांच्या शेतावरून धावपट्टी जाईल, त्यांच्यापैकी कितीजण कोणत्या वर्गाने उडतील, हा प्रश्न आम्ही अजून कोणत्याही वृत्तपत्राच्या अग्रलेखात वाचलेला नाही. आम्ही स्वतःही तो आजवर विचारला नव्हता. आम्हाला विमानतळ जवळ हवाच होता.

तर असे आम्ही वाकडच्या पुलाखालून टॅक्सीने निघालो. रात्रीच्या विमानासाठी दुपारीच निघणे भाग; कारण बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला तर आशियाच काय, पनवेलही दूर राहते. आईने दोन गोष्टी आधीच मान्य केल्या होत्या. एक म्हणजे चाकाची खुर्ची. ती तिकीट काढतानाच मागून ठेवावी लागते, तिचे पैसे पडत नाहीत, आणि मुंबईच्या विमानतळावर आमच्या लक्षात आले, की त्या खुर्चीत बसलेल्या कित्येक आजी-आजोबांना चालता येत होते. त्यांना खुर्ची नको होती, वाट दाखवणारा हवा होता. दुसरी गोष्ट जेवणाची. आई माळकरी. विमानाच्या भाषेत 'हिंदू मील' म्हणजे गोमांस वगळून मांसाहार असू शकतो, आणि आपल्या पद्धतीचे शाकाहारी जेवण हवे तर 'एशियन व्हेजिटेरियन' असे सांगावे लागते. ही नावे कोणी ठेवली कोण जाणे. पण सगळ्या आशियाला वरण-भातात बसवणाऱ्या त्या यादीपुढे आमचा साहित्याचे वर्गीकरण करण्याचा आत्मविश्वास थोडा डळमळला.

विमानात पुढच्या भागात आईला बसवून, पट्टा लावून देऊन आम्ही मागे आलो. उड्डाणानंतर दोन भागांमधला पडदा ओढला गेला. साधा राखाडी कापडी पडदा. आमच्या महाविद्यालयाच्या रंगमंचाचा याहून भारी आहे. जेवण झाले, दिवे मंद झाले. तासाभराने तो पडदा हलला आणि आई बाहेर आली. एका हाताने खुर्च्यांच्या पाठी धरत, दुसऱ्या हातात न उघडलेली दह्याची वाटी. "शेजारचा माणूस तोंडावर पट्टी बांधून झोपलाय," ती म्हणाली. "कुणाशी बोलू? जेवण पण गेलं नाही." हवाईसुंदरीने आधी तिला परत नेऊ पाहिले, मग आमच्याकडे बघून हळू आवाजात सांगितले, की आपापसात जागा बदलायची असेल तर हरकत नाही.

आमच्यापैकी दुसऱ्याला आईने पुढे पाठवले. हुकूमच होता तो. तो पडद्यापलीकडे गेला आणि (हे त्याने स्वतः नंतर सांगितले) त्या रुंद खुर्चीत, पायाखाली आधार घेऊन, आपल्याच सत्रभराच्या मानधनावर गाढ झोपला. इकडे आई मधल्या अरुंद जागेत सुनेच्या खांद्याला टेकून, पायांखाली आमची पिशवी घेऊन बसली. तिचे पाय सुजतील अशी आम्हाला धास्ती होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो सहा हजारांत एकाच्या आसपास. त्याला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणतात, पण तो वर्ग पाहून होत नाही; बसमध्ये, रेल्वेतही होतो. उपाय एकच, अधूनमधून उठून चालायचे. दर तासाला सासू-सुना त्या अंधाऱ्या वाटेने विमानाच्या शेपटापर्यंत जाऊन येत होत्या. दुसऱ्या फेरीत आई हळूच म्हणाली, "वारीत पण असंच असतं. निवद वेगळा, पंगत वेगळी, चालणं एक."

तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते; आईने कित्येक वर्षे तिथे भाकऱ्या थापल्या आहेत. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात दिंडीतल्या वेगवेगळ्या पंगतींची जी खंत नोंदवली आहे, ती आम्ही दरवर्षी शिकवतो. आईने तो लेख वाचलेला नाही. तिच्या बोलण्यात खंत होती की नुसती नोंद, हे आम्हाला अंधारात ओळखता आले नाही, आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही.

दुसऱ्या विमानात चढताना आणखी एक गोष्ट उघड झाली. तिकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलेच होते, पण मजकुराचे सूक्ष्म वाचन शिकवणाऱ्या दोघांनीही ते वाचले नव्हते: नागोयापर्यंतच्या विमानात तो मधला वर्गच नव्हता. जास्तीचे पैसे केवळ पहिल्या साडेपाच तासांचे होते. प्रत्येक टप्प्यासमोर वर्गाचे नाव स्वतंत्र पाहावे, एवढे साधे पथ्य आम्ही पाळले नाही. राग आला, पण तो कोणावर काढणार? तिघे शेजारी बसलो. आईने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दुसऱ्याने न बोलता खाल्ले. उतरेपर्यंत त्या झोपेबद्दल तो आईच्या नजरेला नजर देत नव्हता, आणि पहिली त्याच्या.

आई ऑगस्टमध्ये एकटी परतली, साध्या वर्गाने. आम्ही मुंबईच्या विमानतळाबाहेर उभे होतो. चाकाच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी बाहेर आल्या. दुसरीत नाशिकच्या एक आजी होत्या. त्या मुलीकडून परतत होत्या. दोघींची गाठ मधल्या विमानतळावर खुर्च्यांच्या रांगेत पडली होती, आणि तिथल्या माणसाला हातवारे करून दोघींनी विमानात जागाही शेजारच्या मिळवल्या होत्या. सामान गाडीत ठेवताना आईने बोर्डिंग पासचा तुकडा आमच्यापैकी दुसऱ्याच्या हातात दिला. त्याच्या मागे थरथरत्या अक्षरांत एक फोन नंबर लिहिला होता. "पुढच्या वेळी तिकीट काढशील तेव्हा आधी ह्यांना विचार," ती म्हणाली, "त्या कधी निघणार आहेत ते."